खुशालरावाचे दात

१

विहिरीतून काढलेल्या माणसाला चेहरा उरला नव्हता. चार-पाच दिवसांचं पाणी आणि आतली कासवं, दोघांनी मिळून तो पुसून टाकला होता. उरलं होतं दंडावरचं चांदीचं कडं आणि उघडे पडलेले तपकिरी दात. अमरावतीबाहेर बडनेऱ्याच्या रस्त्यावर जमलेल्या गर्दीला तेवढं पुरलं. 'खुशालरावच,' असं एकजण म्हणाला आणि लगेच प्रत्येकाला वाटू लागलं की आपणच आधी ओळखलं होतं.

साल होतं १८६४. तिकडे अमेरिकेत लढाई पेटली होती, तिथला कापूस विलायतेला पोचत नव्हता आणि इकडे वऱ्हाडच्या काळ्या मातीला एकाएकी सोन्याचे दिवस आले होते. रस्ता दिवसभर कापसाच्या गाड्यांनी भरलेला असे. बडनेऱ्याला आगगाडी येणार अशी बोलवा होती, त्यामुळे रस्त्याकडेच्या प्रत्येक वावरावर कोणाचा ना कोणाचा डोळा होता. खुशालरावाचं वावर अगदी रस्त्याला लागून होतं. म्हणजे खरं पाहता त्याच्या सासऱ्याचं. नत्थुजींना एकुलती लेक, कौशल्या. म्हणून त्यांनी घरजावई केला, मरण्याआधी वावर जावयाच्या नावावर चढवलं आणि निश्चिंत मनानं डोळे मिटले.

आठ दिवसांपूर्वी कापसाच्या गाड्या घेऊन अकोल्याला निघालेला जावईही आता गेला होता. पोरबाळ नव्हतं. बायका बांगड्या फोडायला दगड घेऊन आल्या होत्या.

कौशल्या गर्दीतून वाट काढत आली आणि प्रेताशेजारी बसली. रडली नाही. पायांच्या बोटांपासून पाहत पाहत ती वर तोंडापर्यंत आली आणि तिथं बराच वेळ थांबली. मग उठली आणि दोन्ही हात पदराखाली घेऊन मुठी आवळल्या.

"हा माहा नवरा नोय," ती म्हणाली.

खुशालरावाचा थोरला भाऊ शेषराव गावाकडून आला होता. डोळे पुसत तो म्हणाला, "कौशल्ये, कडं त्याचंच हाय. दात पाय तं खरं."

"पाह्यले. रंग थोच हाय. दात त्याइचे नोयत."

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. दुःखानं बाईचं डोकं फिरतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. गर्दीच्या मागे मात्र एक बाई उभी होती. कौशल्या काय म्हणते आहे ते साऱ्या अमरावतीत तिला एकटीलाच कळलं होतं.

२

ती पार्बताबाई. दातवण विकणारी.

सवाशिणीनं दात काळे करावेत अशी रीत होती. दातवण म्हणजे हिरडा, मायफळ आणि हिराकस कुटून केलेली काळी पूड; ती तेलाच्या बोटानं दातांवर घासायची, की दात जांभळासारखे चमकत. पार्बताबाई घरोघर जाऊन दातवण द्यायची आणि त्याआधी दात साफही करून द्यायची. लिंबू, मीठ, गोवरीची राख आणि एक बारीक लोखंडी कोरणी, एवढा तिचा संसार. कोण काय खातं, काय ओढतं, कोण घरच्यांच्या चोरून तपकीर लावतं, हे माणूस नुसता हसला तरी तिला कळे. त्यामुळे तिच्यासमोर बरेच लोक हसत नसत.

ती स्वतः विधवा होती आणि तरी तिचे दात काळेभोर होते. विधवेनं दातवण लावायचं नसतं, असं तिला सांगणाऱ्यांची कमी नव्हती. ती म्हणायची, "हलवायानं पेढा चाखू नये काय?" आणि पुढच्या दारी जायची.

तर खुशालराव. लग्नाच्या आदल्या दिवशी त्याचे दात साफ करायला तिलाच बोलावलं होतं. लिंबू झालं, राख झाली, कोरणी झाली. हिरड्यांतून रक्त आलं, पण डाग काही हलेना. दातांवर खडूसारखे पांढरे ठिपके आणि मधूनमधून तपकिरी पट्टे. तेव्हा तिच्या ध्यानात आलं, हा मळ नव्हे. रंग दातातच मुरला आहे. पोरगा लहानपणापासून पूर्णेकाठच्या खाऱ्या विहिरीचं पाणी प्यालेला.

खुशालरावानं तिचे पाय धरले होते. खाऱ्या पाण्याच्या गावाला कोणी पोरगी देत नसे आणि तिकडचा जावईही कोणाला नको असे. गोड्या पाण्यासाठी कोसभर डोक्यावर घागरी वाहायला कोण बाप आपली लेक धाडील? आपलं गाव नदीपलीकडचं, गोड्या पाण्याचं, असं त्यानं सांगून ठेवलं होतं. "मावशी, तंबाखूचे डाग हायत म्हना," तो म्हणाला. पार्बताबाईनं तोंड बंद ठेवलं. तेव्हापासून अख्ख्या अमरावतीला खुशालरावाच्या दातांवर तंबाखू दिसू लागली. खरं काय ते कौशल्येला लग्नानंतर कळलं, तेव्हा तिनंही ते पोटात घातलं.

आता पार्बताबाई गर्दी सारत पुढे आली.

"भगवंतराव पाटील, एवढ्यात अग्नी देऊ नका. मले या माणसाचं तोंड पाहू द्या."

पाटलांनी भुवया चढवल्या. फौजदार अकोल्याला गेलेला, प्रेत ठेवण्यासारखं नाही आणि वर ही बाई. शेषराव संतापला. "रांडव बाई दातवण लावून फिरते, तिच्या तोंडाचा कोन इश्वास धरन?"

"तोंडाचा नका धरू," पार्बताबाई म्हणाली. "हाताचा धरा."

ती खाली बसली. नाकाला पदर लावून तिनं नीट पाहिलं. एकही ठिपका नाही, एकही पट्टा नाही. हिरडीपासून टोकापर्यंत सगळ्या दातांना एकसारखा रंग, भिंत सारवावी तसा. मग तिनं दातांच्या मागच्या बाजूला डोकावलं. मागं ते पांढरेशुभ्र होते.

तंबाखू खाणाऱ्याचे दात आधी आतून काळे पडतात. हे तोंड कोणीतरी बाहेरून पाहणाऱ्यांसाठी तयार केलं होतं.

"उन्हं कलेपर्यंत थांबतो," पाटील नाइलाजानं म्हणाले. "मंग मी कोनाचं ऐकनार नाई. अन् कौशल्ये, मंग बांगड्याइचंबी होऊन जाईन."

"माह्या हाताले जो लागन, त्याचं बोट मी ठेवनार नाई," कौशल्या म्हणाली आणि रचलेल्या सरणावर जाऊन बसली.

३

शेषराव बाभळीखाली बसून होता. पार्बताबाई त्याच्यासमोर बसली.

"भाऊ, जरा आ करा."

"काहून?"

"माहा धंदा हाय."

त्यानं रागारागानंच तोंड उघडलं. तेच पांढरे ठिपके, तेच तपकिरी पट्टे. एका विहिरीचे दोन भाऊ. पार्बताबाईनं मान हलवली.

"तुमच्या गावात साऱ्याइचे दात असेच?"

शेषराव ओशाळला. "आडाचं पानी. कितीबी घासा, जात नाई. खुशालनं इकडे कायबी सांगितलं असन, त्याले लाज वाटे."

"मंग मढ्याचे दात तुमी पाह्यले नाई?"

"कडं पाह्यलं अन् डोयेच भरले, माय. माह्या मायनं केलेलं कडं थे. तोंडाकडे पाहाची हिंमत नाई झाली. लोक म्हनत होते दात त्याचेच, म्हून मीबी म्हटलं."

तो खोटं बोलत नव्हता. पण खोटं न बोलणारा माणूसही कधीकधी लुबाडायला तयार असतो, एवढं जग पार्बताबाईनं पाहिलं होतं. "आता वावर तुमच्याकडे येईन," ती म्हणाली.

"कागदावर नाव खुशालचं, मंग भावालेच येईन ना. मी तं गोवर्धनशेटले शब्दबी देल्ला हाय. थे तिथं सरकी काढाचा कारखाना घालनार हायत. खुशाललेबी द्याचंच होतं. पन ही धुऱ्यावर बसली. अन् पाटील म्हने, नत्थुजीचं वावर हाय, लेकीचा हो असल्याशिवाय सौदा होनार नाई."

पार्बताबाईनं मनाशी हिशेब मांडला. म्हणजे खुशालराव जिवंत असेपर्यंत ते वावर विकलं जाणार नव्हतं. तो मेला की विकलं जाणार होतं. जित्या नवऱ्याची बायको धुऱ्यावर, म्हणजे आपल्या वावराच्या बांधावर, अडून बसू शकते. मेल्या नवऱ्याच्या बायकोला दारातसुद्धा बसू देत नाहीत.

"खुशालराव अकोल्याले गेले थे कोनाच्या गाड्या घेऊन?" तिनं विचारलं.

"गोवर्धनशेटच्याच," शेषराव म्हणाला. "मोठा भला मानूस. हे सरनाचं लाकूडबी त्यायनंच धाडलं, सांगितल्याबिगर."

सांगितल्याशिवाय लाकूड धाडणारा भला माणूस पार्बताबाईनं उभ्या जन्मात पाहिला नव्हता.

४

गोवर्धन कापसाचा अडत्या, वरुडाकडून येऊन इथं मोठा झालेला. 'दारात एक बैल नाही, तरी शंभर गाड्या हाकतो,' हे त्याचं आवडतं वाक्य. गाड्या भाड्याच्या, बैल भाड्याचे, वैरणीची कटकट दुसऱ्याला. त्याची बायको माणिकबाई पार्बताबाईचं सगळ्यात चांगलं गिऱ्हाईक होती. दातवणात जरा हयगय झालेली तिला खपत नसे.

आज माणिकबाई पदरामागून बोलत होती.

"काय झालं, माय? दात दुखते काय?"

माणिकबाईनं पदर सोडला. काळे दात विटून राखाडी झाले होते आणि हिरडीजवळ पांढरं उगवून राहिलं होतं. आठवडाभर तरी बोट लागलेलं नव्हतं.

"एवढी मोठी पुडी देल्ली होती मी," पार्बताबाई म्हणाली.

"अवं, मालकानं नेली सारी. म्हने बैलाच्या खुराले जखम झाली, हिराकस लागते. मी म्हटलं बजारातून आना, तं म्हने आत्ताच पायजे. अन् पानदानातला कातबी नेला. आता कोनासमोर हसू मी?"

"कोनताबी बैल बरा होऊन जाईन एवढ्यात," पार्बताबाई म्हणाली. नवी पुडी तिच्या हातात देऊन ती बैठकीकडे वळली.

गोवर्धन गादीवर बसला होता. चेहऱ्यावर योग्य तेवढं दुःख होतं. "बिचारा खुशाल," तो म्हणाला. "तंबाखूनं दात पार खाऊन टाकले होते. किती सांगितलं त्याले, सोड बाप्पा ही तंबाखू. आयकलं नाई."

"तुमच्यासमोर खाये तंबाखू?"

"समोर नाई. पन दात सांगतेच ना."

"सांगते, शेटजी. दात लय सांगते."

त्यानं पानाचं तबक तिच्याकडे सरकवला, डाव्या हातानं. उजवा हात उपरण्याखाली होता. घरात शुभाशुभ पाळणारा माणूस बाईमाणसाला डाव्या हातानं पान देतो, हे तिला खटकलं.

"हाताले लागलं काय?"

गोवर्धननं हात बाहेर काढला, अगदी सहज. पहिलं बोट पेरापर्यंत काळं होतं, नखाच्या कडा तर शाई ओतल्यासारख्या. "गाठीइवर मार्का माराची शाई हाय. हमालाइले सांगून काम होत नाई, मंग आपल्यालेच हात घालाव लागते."

पार्बताबाई हसली. तिचे काळे दात त्यानं पाहिले आणि कोण जाणे का, हात परत उपरण्याखाली घेतला.

"चाला, शेटजी," ती म्हणाली. "अग्नी द्याची येळ झाली. तुमचं लाकूड, तुमी तं पायजेच. अन् गाठीइवर मार्का मारनारे हमालबी घ्या संगं, खांदा द्याले."

५

ऊन कललं होतं. कौशल्या सरणावरून हलली नव्हती. बायका दगड घेऊन तिष्ठत होत्या आणि त्यांच्या तोंडावर आता दुःखापेक्षा कंटाळा जास्त होता.

पार्बताबाईनं नत्थुजींच्या वावरातलीच लिंबं तोडून आणली. पाटलांना, शेषरावाला आणि दोन वडीलधाऱ्यांना जवळ बोलावलं. मेल्याच्या दातांवर लिंबू पिळलं, राख-मीठ घेतलं आणि पांढऱ्या चिंधीनं घासू लागली. चिंधी तपकिरी झाली, मग काळसर झाली. तिनं दुसरी चिंधी घेतली. थोड्या वेळात समोरचे चार दात लख्ख पांढरे निघाले, बाभळीच्या काडीनं रोज घासलेले, तरण्या माणसाचे दात.

"आता तुमी आ करा," ती शेषरावाला म्हणाली.

तेच लिंबू, तीच राख, तोच हात. चिंधी कोरी राहिली. ठिपके तिथंच, पट्टे तिथंच.

"खाऱ्या पान्याचा डाग," पार्बताबाई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "खुशालरावाचे दात असेच व्हते. लग्नाच्या येळी मी कोरून कोरून थकली, तसूभर हाल्ले नाई. त्याइनं तंबाखू सांगितलं, मीबी सांगू देल्लं. आज नाई झाकत. ज्याचा डाग लिंबानं उतरला, थो खुशालराव नोय."

शेषरावानं त्या पांढऱ्या दातांकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. "हा माहा भाऊ नोय," तो हळूच म्हणाला आणि सकाळपेक्षा जास्त रडू लागला.

"सकायपासून मी कोनती भाषा बोलून राहिली होती?" कौशल्या सरणावरून म्हणाली.

दगडवाल्या बायकांमधली एक बाई गुपचूप दगड टाकून मागे सरली.

"मंग हे रंगवलं कोनं?" पाटलांनी विचारलं.

"तेच सांगतो," पार्बताबाई म्हणाली. रंगात आली की ती पुरुषासारखं बोलायची. "शेषरावानं रंगवलं असतं, तं ठिपके काढले असते. त्याच्या सोताच्या तोंडात हाय थे, त्याले माईत हाय. ज्यानं सारे दात एका रंगात सारवले, त्याले वाटे की खुशालरावाच्या दाताइवर तंबाखूचा मय हाय. म्हंजे थो अमरावतीचा, खुशालरावाच्या थापेवर इश्वास ठेवनारा. हे एक. दुसरं, रंग हाय दातवनाचा, त्यात कात घालून तपकिरी केलेला. कोन्या बाईनं लावला असता तं बोटाले आधी तेल लावलं असतं. आमाले पोरीपनापासून शिकवते थे. तेल नाई लावलं, तं बोट काळं होते अन् नख तं महिनाभर काळंच राह्यते. हा मानूस बाप्या हाय, अन् त्यानं तेल लावलं नाई."

सगळ्यांनी आपापल्या हातांकडे पाहिलं. गोवर्धननं पाहिलं नाही.

"शेटजीचं बोट काळं हाय," ती म्हणाली.

"गाठीइची शाई हाय, सांगितलं ना," गोवर्धन करवादला. "पाटील, या बाईच्या नादी लागून तुमी माह्या इज्जतीवर..."

"शाई असन तं बरंच हाय." पार्बताबाईनं त्याच्या हमालाचा हात धरला. तळवा मार्का मारून मारून काळा झालेला. तिनं त्यावर लिंबू चोळलं, राख चोळली. काळं काळंच राहिलं. "दिव्याची काजळी अन् तेल. लिंबानं काजळी जात नाई. आता तुमचं बोट द्या."

गोवर्धन मागे सरकला. पाटलांनी त्याचं मनगट धरलं. लिंबाचा रस पडताच बोटावरचं काळं पातळ होत गेलं, तपकिरी झालं, चिंधीवर उतरलं. चिंधी तिनं आधीच्या चिंधीशेजारी ठेवली. दोन्हींचा रंग एकच होता.

"मानिकबाईचं दातवन बैलाच्या खुराले नेलं म्हने," ती म्हणाली. "दारात बैल नसलेल्या मानसाच्या बैलाले."

पाटलांचा आवाज बदलला. "गोवर्धन, खुशालचं कडं या मढ्याच्या दंडावर तुया हातून आलं. मंग खुशाल कोठी हाय? मारून कोठी टाकला त्याले?"

खुनाचं नाव निघालं तसं गोवर्धनचं उरलंसुरलं अवसान गळालं.

"मारलं नाई मी कोनाले. हा एक गाडीवान होता, पटकीनं मेला माह्या तळावर, त्याले विहिरीत सोडलं फक्त. खुशाल जिता हाय, पाटील. अकोल्यात माह्या वखारीत बसला हाय. हे सारं त्याचंच डोकं; वावर माह्याकडे आलं का त्याचा वाटा मी त्याले गुपचूप देनार होतो. कडं त्यानं आपल्या हातानं काढून देल्लं."

कौशल्येला सकाळपासून कोणी हलवू शकलं नव्हतं. आता ती आपण होऊन सरणावरून उतरली.

६

त्या गाडीवानाचं नाव गोवर्धनला ठाऊक नव्हतं. पार्बताबाईनं तीनदा विचारलं. शेवटी शेषराव पुढे झाला. "भाऊ समजून रडलो याच्यासाठी," तो म्हणाला. "आता अग्नीबी मीच देतो." गोवर्धनला चावडीत बसवून अग्नी दिला गेला. कौशल्येनं त्या अनोळखी माणसाच्या तोंडात पाणी घातलं. रागावायला तिच्याकडे दुसरा माणूस होता.

मग पाटील, शेषराव, कौशल्या आणि पार्बताबाई अशी गाडी अकोल्याला निघाली. मूर्तिजापूर मागे पडल्यावर कौशल्या म्हणाली, "मावशी, मी त्याइच्या दाताचं कोनाले सांगितलं नाई. माह्या बापालेबी नाई. मले वाटे, मानसाची लाज झाकाव."

"मीबी झाकली," पार्बताबाई म्हणाली. "झाकलेलं सडते कधीकधी, माय."

"त्याइनं गोवर्धनले चोरीत भागीदार केलं, पन त्यालेबी दाताचं खरं नाई सांगितलं."

"थेच तं. सांगितलं असतं तं गोवर्धननं ठिपके काढले असते, अन् आज तुया हातात बांगड्या नसत्या."

वखारीत कापसाच्या गाठींमध्ये खुशालराव नवा फेटा बांधून बसला होता. बार्शीटाकळीकडची एक पोरगी बघून ठेवली होती, दुसऱ्या लग्नाचं ठरत होतं. दारात कौशल्या उभी राहिली, तेव्हा त्यानं सवयीनं तोंडावर हात घेतला. जन्मभर तो असाच बोलत आला होता.

"हात काढा," ती म्हणाली. "मले पाहू द्या."

हात खाली आला. पांढरे ठिपके, तपकिरी पट्टे. शेषरावानं भावाकडे पाहिलं आणि मान फिरवली.

"कौशल्या, तुले समजत नाई," खुशालराव म्हणाला. "मी घरजावई. सारा गाव म्हने, बायकोच्या वावरात राबून राहिला. वावर विकून मले माह्या नावाचं काई कराचं होतं. तू धुऱ्यावरून उठली असती, तं हे काईच झालं नसतं."

"मी तुमच्यासाठी सरनावर बसली होती," कौशल्या म्हणाली. "बाया दगड घेऊन उभ्या होत्या. मले लोक पागल म्हनत होते अन् मी म्हनत होती, नाई, माहा नवरा जिता हाय. खरं बोलली मी. एवढं खरं कोनी कोनासाठी बोलत नाई."

खुशालरावाचा हात परत तोंडाकडे निघाला आणि अर्ध्यावरच थांबला.

तिनं कमरेला खोचलेली कपाशीच्या पऱ्हाटीची काडी काढली, बापाच्या वावरातून निघतानाच तोडलेली. पार्बताबाईला आता कळलं, की अमरावतीहून निघतानाच हिचं ठरलं होतं. काडी दोन्ही हातांत धरून कौशल्येनं पाटलांकडे पाहिलं. काडीमोड पंचासमोर व्हावी लागते. पाटलांनी मान हलवली.

काडी मोडली. वाळलेली होती, पटकन मोडली. दोन तुकडे तिनं त्याच्या नव्या गादीवर टाकले.

"नत्थुजीचा जावई नाई राह्यला," पाटील म्हणाले. "वावर लेकीचं. मी लिहून घेतो. अन् खुशाल, तुया अन् गोवर्धनचा हिशेब फौजदार पाहीन."

परत आल्यावर अमरावतीत जे व्हायचं ते झालं. गोवर्धन आणि खुशालराव कचेरीत गेले. बायकांनी मात्र कौशल्येला धारेवर धरलं. नवरा जिवंत, पण नवरा नाही. मग हिनं कुंकू लावायचं की नाही? बांगड्यांचं काय? दातवणाचं काय? अशी बाई त्यांच्या रीतीत बसत नव्हती आणि म्हणून सगळ्यांना तिच्याविषयी काहीतरी ठरवायचं होतं.

कौशल्या धुऱ्यावर बसली होती, नेहमीच्या जागी. वेचणी चालू होती. पार्बताबाई झोळी घेऊन येताना दिसली तशी ती सरकून बसली.

"मावशी, दातवन लावून द्या."

"लोक बोलतीन."

"तुमाले काय काय बोलते?"

पार्बताबाईनं जरा विचार केला. "सारंच."

"मंग मलेबी बोलू द्या," कौशल्या म्हणाली, आणि भर रस्त्यावरून कापसाच्या गाड्या जात असताना तिनं आ केला.

पार्बताबाईनं पुडी सोडली. आधी बोटाला तेल लावलं.